दिवाणखान्यातलं झाड: भूर्ज की बेंजामिना?

नुसती शोभेची पानं नकोत, खोड आणि फांद्या असलेलं खरंखुरं झाड घरात हवं, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ठाण्यातल्या कुठल्याही नर्सरीत असं म्हटलं की बेंजामिना पुढे येतो, म्हणजे वडा-पिंपळाच्या कुळातला, लहान चकचकीत पानांचा फायकस. आणि हिमालयात जाऊन आलेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा भूर्ज असतो, म्हणजे बर्च. आमच्या मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये पूर्वेच्या खिडकीशी ही दोन्ही झाडं मी शेजारी शेजारी वाढवली आहेत. भूर्जाचं रोप पहाडातल्या नर्सरीतून आलं होतं, बेंजामिना घोडबंदर रोडवरून. माती, खत, कुंडीचं भोक वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडून देतो.

भूर्जाची ओढ मला समजते. आपल्या जुन्या पोथ्या याच सालीवर लिहिलेल्या. १८८१ मध्ये पेशावरजवळ बख्शाली गावात सापडलेलं गणिताचं हस्तलिखित भूर्जपत्रांवरच आहे, आणि त्यात शून्याच्या जागी ठिपका आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना भोजबासा लागतं, ते नाव याच झाडांवरून पडलं. पातळ पापुद्र्यांनी सुटणारी ती साल एकदा हाताला लागली की असं झाड आपल्याही घरी असावं असं वाटणारच. मलाही वाटलं.

पण त्या सालीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. कोवळ्या भूर्जाचं खोड पांढरं नसतं, तांबूस तपकिरी असतं. फिकी, सोलपटणारी साल यायला खोडाला वय आणि जाडी लागते, आणि कुंडीत जाडी फार सावकाश वाढते. म्हणजे कित्येक वर्षं तुमच्या दिवाणखान्यात एक तपकिरी काठी आणि तिच्यावर नाजूक, दातेरी पानं. ती पानं सुंदर असतात, उन्हाच्या तिरिपेत तर फारच. पण केवळ पांढऱ्या खोडासाठी भूर्ज घेणार असाल तर फेब्रुवारीत येऊरला जा. तिथल्या जंगलात निष्पर्ण कांडोळाची फिकी, चकचकीत खोडं उभी असतात. डोळ्यांची ती भूक तिथे भागते.

आता ज्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो.

भूर्ज हे पानगळीचं झाड. हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, वृक्षरेषेपर्यंत, म्हणजे जिथे झाडं वाढायची थांबतात तिथवर, त्याचं राज्य. हिवाळ्यात तो झोपतो, आणि ती झोप मोडायलाही थंडीच लागते: साधारण ७ अंशांच्या खाली, तीही एखाद्या रात्रीची नाही, कित्येक आठवड्यांची. एवढी थंडी भोगल्याशिवाय कळ्यांना वसंत आल्याचं कळत नाही. ठाण्यात जानेवारीची चांगली थंड पहाट १५ अंशांच्या आसपास असते. एसी १६ च्या खाली जात नाही. शिवाय घरात रात्री अकरा-बारापर्यंत दिवे चालू. दिवस लहान झाला या खुणेवर जे झाड झोपायची तयारी करतं, त्याला या दिव्यांमुळे ती खूणही नीट मिळत नाही.

याचा परिणाम झाड पटकन मरण्यात होत नाही. तसं झालं असतं तर निवड सोपी होती. होतं असं की डिसेंबरात काही पानं पिवळी पडून गळतात, काही कडेने करपून तशीच लटकून राहतात. फेब्रुवारी सरतो, मार्च येतो, आणि काठी तशीच. झाड झोपलंय की गेलंय हे बाहेरून ओळखता येत नाही. मग नखाने साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं की जीव भांड्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा खरवडायची. दर वेळी एक नवी जखम.

आणि खरा पेच पाण्याचा. झोपलेल्या झाडाला पाणी कमी द्यायचं, नाहीतर मुळं कुजतात. जाग्या भूर्जाला मात्र पाणी भरपूर लागतं. त्याची मुळं उथळ, तहान मोठी. ओल तुटली की पानं लगेच माना टाकतात. मार्चमध्ये ठाण्यात उन्हं तापायला लागतात आणि समोरचं झाड जागं आहे की झोपेत हेच ठाऊक नसतं. मग पाणी घालायचं किती? मी रोज सकाळी त्या कुंडीपाशी हा प्रश्न घेऊन उभा राहायचो आणि रोज अंदाजाने उत्तर द्यायचो. पुढे शेंड्याच्या दोन-तीन कळ्या उशिराने फुटायच्या, खालच्या बंदच. काळजी घ्यायला माझी कधीच ना नसते. पण घेतलेली काळजी त्या झाडाला पोचते की नाही हे महिनोन् महिने कळू नये, हे मला सोसवलं नाही.

उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड येते, तीही आधी भूर्जावर. बंद खोली, कोरडी हवा, पातळ पान: तिला हवं ते सगळं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली की कुंडी बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली पानं धुवायची. बेंजामिनालाही ती होते, पण आमच्याकडे तरी बरीच कमी.

विदेशात काही हौशी लोक रोप फ्रिजमध्ये ठेवून त्याला हिवाळा देतात. वीतभर रोपाला ते जमू शकेल, पण पिकणाऱ्या फळांजवळ ठेवायचं नाही, कारण त्यांतून सुटणारा इथिलीन वायू कळ्यांना बाधतो. कंबरेएवढ्या झाडाला मात्र हा उपाय नाही.

बेंजामिना निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. जागा बदलली की तो रुसतो. गणपतीच्या आराशीसाठी कोपरा मोकळा करायला कुंडी हलवली की दुसऱ्या आठवड्यात फरशीभर पानं. रंगकाम काढलं तरी तेच. छाटणी केली की पांढरा चीक टपकतो. तो काहींच्या त्वचेला खाजतो, फरशीवर वाळला तर डाग राहतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हा विचार आधीच करावा. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण अधूनमधून येतात, त्यांना साबणाचं पाणी आणि ओलं फडकं पुरतं.

पण त्याची पानगळ स्पष्ट असते. जागा बदलली, उजेड बदलला, पाणी जास्त झालं: काय बिघडलं ते पंधरवड्यात फरशीवर दिसतं. कारण दूर केलं की काही आठवड्यांत त्याच फांद्यांवर नवी, पोपटी पानं येतात. बोटाची दोन पेरं मातीत घालायची, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर उद्या. मे महिन्यात आम्ही आठवडाभर गावी जातो, तेव्हा कुंडी खिडकीपासून न हलवता पडदा अर्धा ओढतो आणि भरपूर पाणी घालून निघतो. तेवढं तो सांभाळून घेतो. मूळचा तो आपल्याच बाजूच्या उष्ण मुलखातला, दमट हवा त्याला घरची. पानं लहान आणि गुळगुळीत, त्यामुळे घोडबंदरची धूळसुद्धा एका शॉवरमध्ये उतरते. जमिनीत मात्र तो इमारतीजवळ लावू नका, मुळं फार जोरकस असतात.

प्रत्येकाच्या घरातला उजेड वेगळा, सवडही वेगळी. लोणावळा-महाबळेश्वरला घर असेल तर भूर्जाला तिथे थोडी जास्त आशा आहे, तरी हिमालयाची थंडी तिथेही नाही. ठाण्यातच प्रयोग करायचा असेल तर उत्तर अमेरिकेतला रिव्हर बर्च बघा. तो फ्लोरिडाच्या उत्तरेपर्यंत वाढतो, उष्णता बरी सोसतो. रोप नर्सरीचंच घ्यावं, डोंगरातून उपटलेलं नको. भोजबाशाची झाडी आधीच खूप विरळ झाली आहे. कुंडी मातीची घ्या, काळ्या प्लास्टिकमध्ये मुळं शिजतात. रात्री आठनंतर अंधार राहील अशी खोली बघा.

माझा भूर्ज मी एका जानेवारीत, तो निष्पर्ण असताना, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून नैनितालकडच्या मित्राला दिला. त्याच्या अंगणात तो नीट फुटतोय. आमच्या खिडकीशी बेंजामिना आहे आणि आता त्याचा शेंडा पडद्याच्या दांडीला लागतो.

बेंजामिना घ्यायला जाल तेव्हा तीन खोडांची वेणी घातलेला शक्यतो टाळा. खोडं जाड झाली की एकमेकांत रुततात. एकेरी खोडाचा, सावलीच्या जाळीखाली वाढलेला निवडा. उघड्या उन्हातून घरात आणलेला पहिल्या महिन्यात जास्त पानं टाकतो. आणि घरी आणण्याआधी त्याची कायमची जागा ठरवून ठेवा.