टिळकवाडीतील प्रॉडक्शन असिस्टंट वर्ग: शुल्काच्या मानाने काय मिळते

चित्रपट किंवा मालिकेच्या सेटवर पहिले काम शोधणाऱ्या मुलामुलींसाठी बेळगावच्या टिळकवाडीत एका खासगी संस्थेने घेतलेला प्रॉडक्शन असिस्टंटचा अल्पमुदतीचा वर्ग मी पूर्ण केला. त्यानंतर कोल्हापुरात एका मालिकेच्या सेटवर प्रत्यक्ष काम केल्यामुळे त्या वर्गातले काय उपयोगी पडले आणि काय शिकवायचे राहून गेले, हे आता खात्रीने लिहिता येते. पाच हजार रुपये शुल्क मला रास्त वाटले. मात्र जाहिरातीत छापलेले ‘कामाची हमी’ हे शब्द वाचून कोणी पैसे भरणार असेल, तर त्याने ते भरू नयेत.

वर्गातला सर्वांत मोलाचा भाग कॉलशीटचा, म्हणजे कोणी किती वाजता कुठे पोहोचायचे हे सांगणाऱ्या चित्रीकरणाच्या रोजच्या वेळापत्रकाचा होता. शिक्षकांनी एका प्रसंगाची संहिता हातात दिली, पानाचे आठ भाग कल्पून प्रसंगाची लांबी कशी मोजतात ते दाखवले, पात्रे, कपडे, प्रॉपर्टी (प्रसंगात वापरायच्या वस्तू) आणि वाहने यांच्या याद्या काढायला लावल्या, आणि पहिला शॉट सकाळी आठला लागायचा असेल तर गाडी हॉटेलच्या दारात किती वाजता उभी हवी, हे उलट मोजत जायला सांगितले. मेकअप आणि कपड्यांना दीड तास, म्हणून नायिका साडेसहाला लोकेशनवर हवी. प्रवास पाऊण तासाचा, म्हणून तिने पावणेसहाला निघायला हवे. मेकअपदादा त्याआधी पोहोचायला हवेत, ड्रायव्हरला सव्वापाचला फोन जायला हवा आणि लाइटदादांचा चहा-नाश्ता सहाला तयार हवा. रात्री पॅकअपच्या वेळी उद्याचे प्रसंग बदलल्याचे कळते, तेव्हा हेच सगळे गणित उभ्या उभ्या नव्याने मांडावे लागते, आणि ज्याला ते जमते त्यालाच प्रॉडक्शन मॅनेजर पुढच्या शेड्यूलला बोलावतो. कोल्हापुरात पहिल्याच आठवड्यात मला याचा अनुभव आला.

हिशेबाचे सत्रही असेच नेटके होते. टपरीवरच्या चहाला बिल मिळत नाही, म्हणून व्हाउचरवर रक्कम, कारण, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. हातात दिलेली रोकड आणि खर्च यांचा मेळ त्याच रात्री घालायचा. दुकानदाराकडून बिल घेताना त्यावर निर्मितीसंस्थेचे नाव आणि जीएसटी क्रमांक पडल्याची खात्री करायची. आपल्या सीमाभागात या शेवटच्या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे, आणि शिक्षकांनी तो आवर्जून सांगितला याचे मला कौतुक वाटते. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. मुंबईची कंपनी बेळगावच्या हॉटेलात युनिट उतरवते तेव्हा खोल्यांच्या बिलावर कर्नाटकाचा कर लागतो, आणि केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला स्वतःच्या जीएसटीच्या देण्यातून त्याची वजावट मिळत नाही. ही गोष्ट आधीच लक्षात आणून देणारा नवखा मुलगा हिशेबनिसाच्या कायमचा लक्षात राहतो.

वॉकीटॉकीवर थोडक्यात बोलणे, कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये कपडे आणि वस्तू जशाच्या तशा राहाव्यात यासाठी, छायाचित्रे काढणे, कलाकारांबरोबरची छायाचित्रे परस्पर समाजमाध्यमांवर न टाकणे, हे सर्व शिकवले गेले. ते कोणत्याही सेटवर दोन दिवसांत कळतेच.

लोकेशनच्या परवानग्यांना मात्र जेमतेम तासभर दिला, आणि हे मला मनापासून खटकले. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सहज बोलणारा, ग्रामपंचायतीत कन्नडमध्ये अर्ज लिहू शकणारा आणि गावातल्या मंडळींशी मराठीत बोलून त्यांना विश्वासात घेणारा तरुण हे आपल्या भागाचे खरे भांडवल आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात चित्रीकरण करायचे झाले तर कर्नाटकच्या वनखात्याची परवानगी लागते. बेळगावच्या कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे तिथे कॅमेरा काढण्यापूर्वी लष्करी अधिकाऱ्यांकडे जावे लागते. ड्रोन उडवायचा असेल तर बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या परिसरातले निर्बंध पाहावे लागतात. ही माहिती मुंबईहून येणाऱ्या युनिटला पैसे देऊन मिळवावी लागते, तर आपल्या मुलांना ती घरबसल्या ठाऊक असू शकते. या विषयाला पूर्ण दिवस द्यायला हवा होता.

पैशांच्या बाबतीत वर्ग फारच मोघम राहिला. मालिकांच्या व्यवसायात काम झाल्यानंतर ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत बरीच रूढ आहे, हे प्रश्न विचारल्यावरच सांगण्यात आले. ज्या मुलाचे वडील निपाणीजवळ तंबाखूची शेती करतात, त्याला तीन महिन्यांचे खोलीभाडे आणि जेवणखर्च आधी जमवून मगच घर सोडावे लागेल, हे पहिल्याच दिवशी कळायला हवे. रोजचा दर, बारा तासांची शिफ्ट ओलांडल्यास मिळणारे जादा पैसे, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय यांबद्दल काम सुरू होण्यापूर्वी निदान एका संदेशात लेखी होकार घ्यावा, हे मला सेटवरच्या एका ज्येष्ठ सहायकाने शिकवले. माझे पहिले मानधन ठरल्यापेक्षा बरेच उशिरा आले, आणि तो लेखी संदेश हाताशी होता म्हणूनच पाठपुरावा करता आला. मानधनातून कापलेला कर आपल्या पॅनवर जमा झाला आहे का हे तपासणे आणि विवरणपत्र भरून परतावा मागणे, याचाही वर्गात उल्लेख झाला नाही.

याहून गंभीर उणीव दुसरी आहे. वर्गात मुलींची संख्या चांगली होती, तरीही कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि जिथे ती नाही तिथल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. रात्रीच्या शिफ्टनंतर मुलींना खोलीपर्यंत कोण सोडणार, हा प्रश्न रुजू होण्यापूर्वीच स्पष्टपणे विचारावा. बेळगावसारख्या ठिकाणी मुलीला या क्षेत्रात पाठवावे की नाही याचा निर्णय बहुधा आईवडील घेतात, आणि त्यांच्या मनातल्या शंकांना याच माहितीने उत्तर मिळू शकते.

ज्यांनी महाविद्यालयाच्या एकांकिकांत पडद्यामागे काम केले आहे आणि ज्यांना याद्या, वेळा व हिशेब सांभाळण्याचा कंटाळा नाही, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. अभिनयाची संधी मिळेल म्हणून येणाऱ्यांची इथे निराशा होईल. वर्ग संपल्यावर थेट गोरेगावची चित्रनगरी गाठण्याऐवजी आधी कोल्हापुरात काम शोधावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ते शहर बेळगावपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे, तिथे मालिकांचे चित्रीकरण होत असते, राहण्याचा खर्च मुंबईच्या तुलनेत बराच कमी आहे आणि सुटी मिळाल्यास संध्याकाळच्या बसने घरी येता येते. आयोजकांनी पुढच्या तुकडीपूर्वी जाहिरातीतून ‘हमी’ हा शब्द काढून टाकावा आणि मानधन व सुरक्षितता यांवर स्वतंत्र सत्र ठेवावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.