ट्रस रॉडचा नट कुठे आहे ते आधी बघा : तीन बेस गिटार आणि ठाण्याचा एक पावसाळा

जुलैतल्या तिसऱ्या शनिवारी वाशीच्या जॅम रूममध्ये दुसऱ्याच गाण्याला माझ्या ई तारेवरून खरखर यायला लागली. वाटलं, अँपचा स्पीकर गेला. केबल बदलली, अँप बदलला, खरखर तशीच. मग सगळं बंद करून नुसती तार छेडून बघितली. पहिल्या चार फ्रेटवर (तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ती पत्र्याला घासल्यासारखी वाजत होती. फेब्रुवारीत १ लाख १८ हजार रुपये मोजून घेतलेला बेस. पाच महिने मी भेटेल त्याला त्याचं कौतुक सांगत होतो. पहिल्याच पावसाळ्यात त्याची नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, मागे वाकली.

गेल्या अकरा महिन्यांत माझ्या हातात तीन बेस होते. पहिला हा रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली प्रत : फेंडर कंपनीच्या १९६२च्या जॅझ बेसच्या घाटाचा, नायट्रो लॅकर (जुन्या धर्तीचं पातळ रोगण), शिसवी फ्रेटबोर्ड (नेकची वरची पट्टी, जिच्यावर बोटं दाबतात), त्या पट्टीची गोलाई सव्वासात इंची रेडियसची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढची तक्रार या धाटणीच्या बहुतेक रीइश्यूंना लागू आहे. दुसरा, चार वर्षांपूर्वी ६२ हजारांना घेतलेला आधुनिक ॲक्टिव्ह बेस, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. तिसरा माझा नाही. नेरूळच्या एका काकांचा १९७३चा फेंडर जॅझ त्यांनी ऑगस्ट ते डिसेंबर माझ्याकडे ठेवायला दिला होता. तिन्ही चार तारांचे, तिन्हींची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ३४ इंच. बाकीचे आकडे तुम्हाला ठाऊक असतीलच.

आवाजाचं आधी उरकतो. रीइश्यूचा आवाज मला तिघांत सगळ्यात जास्त आवडतो. दोन गिटारी आणि ड्रम एकदम अंगावर आले तरी तो खाली दबत नाही, आणि उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडे, नेला की जे नाकातलं गुरगुरणं येतं त्यासाठीच माणूस जॅझ बेस घेतो. दोन्ही पिकअप (आवाज पकडणारी, बारीक तार गुंडाळलेली चुंबकं) पूर्ण उघडे ठेवले तर तो शांत असतो, कारण दोघांच्या तारेचे वेढे आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट असते आणि गुणगुण आपसात कटते. एक जरा कमी केला की भुंगा सुरू. मला त्याचा त्रास नाही, मी दोन्ही उघडेच ठेवतो. आधुनिक बेस स्वच्छ वाजतो, भुंगा अजिबात नाही, पण केबल लावून ठेवली तर बॅटरी उगाच उतरत राहते. जॅकमध्ये केबल गेली की सर्किट चालू होतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता ट्रस रॉड. चार तारा मिळून नेकवर ऐंशी किलोच्या आसपास ताण असतो. त्याला उलटा जोर द्यायला नेकच्या पोटात लोखंडी सळई असते आणि तिच्या टोकाला नट. नट फिरवला की नेकचा बाक कमी-जास्त होतो. बाक हवा किती, तर तार दोन्ही टोकांच्या फ्रेटवर दाबल्यावर मधल्या फ्रेटपाशी तिच्याखाली ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ही फट सगळा खेळ ठरवते. माझ्या आधुनिक बेसवर शेवटच्या फ्रेटच्या पुढे एक छोटं चाक उघडं दिसतं. तारा सुरात असतानाच त्यात खिळ्याएवढी दांडी घालायची, जरा फिरवायची, फट मोजायची. एका मिनिटाचं काम. रीइश्यूवर तोच नट नेकच्या बुडाला, बॉडीच्या खोबणीत बुजलेला. तारा ढिल्या करा, त्या निसटू नयेत म्हणून कॅपो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मागचे चार स्क्रू काढा, नेक उचला, फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने नट पाव फेरा सोडा, नेक परत बसवा, स्क्रू आवळा, सुरात लावा, तासभर थांबा, फट मोजा. कमी पडली? पुन्हा पहिल्यापासून. जुलैत मी हे पाच वेळा केलं, दर खेपेला पाऊण तास.

बरं, हा नट तिथे का? १९५१मध्ये प्रिसिजन बेस आला आणि १९६०मध्ये जॅझ, तेव्हा लिओ फेंडरच्या कारखान्यात नट बुडालाच असायचा. लिओ मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. नेक स्क्रूने जोडायची म्हणजे बिघडली तर काढून दुसरी लावता येते, हा त्याचा विचार कौतुकाचाच आहे, आणि नट बुडाला ठेवल्याने हेडस्टॉकपाशी (खुंट्यांच्या टोकापाशी) लाकूड कोरावं लागत नाही हेही खरं. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यात खुद्द फेंडरने जॅझ बेसवरचा नट हेडस्टॉकला आणून ठेवला होता. नेमके त्याच वेळी नेकचे स्क्रू चारचे तीन केले. तीन स्क्रूंची नेक हलते म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि त्या रागात नटाची चांगली सुधारणाही बदनाम झाली, असं माझं मत आहे. १९८२मध्ये, जपानी कंपन्यांच्या नकला फार सरस निघायला लागल्यावर, फेंडरने अमेरिकेत आणि जपानमध्ये रीइश्यू सुरू केले तेव्हा नमुना म्हणून पन्नास-साठच्या दशकांतले बेस घेतले, आणि नट पुन्हा बॉडीत गेला. मूळ वस्तूला जसंच्या तसं उभं करायचं ही भावना मला कळते. पण कॅलिफोर्नियाची हवा आणि घोडबंदर रोडच्या चौदाव्या मजल्यावरची, समोर खाडी आणि मागे येऊर असलेली हवा एक नाही. आमच्या हॉलमधला आर्द्रतामापक जुलैत ८६ टक्के दाखवत होता.

पाचव्या खेपेनंतर मी हात टेकले आणि बेस मुंबईतल्या एका सर्व्हिस सेंटरला दिला. सेटअप (नेक-तारांची जुळणी) वॉरंटीत बसत नाही म्हणाले. ठीक. २,२०० रुपये आणि १९ दिवसांनी बेस मिळाला, फट अचूक होती. घरी आणून बघतो तर नेकचा एक स्क्रू नुसता गोल फिरतो. नेकच्या मेपल लाकडातलं भोक झिजवून टाकलं होतं. फोन केला तर म्हणे आधीपासूनच असेल. आधी मी स्वतः पाच वेळा तो स्क्रू काढून घट्ट बसवला होता, हे मी त्यांना चार मेलमध्ये लिहिलं. एकाचंही धड उत्तर आलं नाही. २,२०० रुपयांपेक्षा जास्त राग मला त्या "आधीपासूनच असेल"चा आला. सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम मी आधुनिक बेसवर वाजवला.

भोक शेवटी नौपाड्यातल्या एका पेटी-तंबोरे दुरुस्त करणाऱ्यांनी बुजवलं. त्यांनी इलेक्ट्रिक बेस याआधी उघडला नव्हता, पण लाकूड त्यांना कळतं. शिसवीची बारीक खुंटी तासून, सरस लावून ठोकली, दुसऱ्या दिवशी नवं भोक पाडलं. ३०० रुपये. मी खरखरीबद्दल सांगितलं तर म्हणाले, "तंबोऱ्याला हीच जवारी लावून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. तुम्हाला ती नको, म्हणजे घोडी नाही, दांडी बघायला हवी." घोडी म्हणजे ब्रिज, दांडी म्हणजे नेक. माझा पूर्ण महिना ज्यात गेला ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. स्क्रू वारंवार काढू नका, हेही बजावलं.

इथपर्यंतचं मी सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं, आणि शेवट असा केला होता की जुना असो वा जुन्यासारखा, बुडाला नट असलेला बेस आपल्या हवेत घेऊच नये. ते वाक्य आता काढून टाकलं आहे. कारण काकांचा बेस.

काका सत्तर-ऐंशीच्या दशकांत हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि नंतर ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता बोटं साथ देत नाहीत. बेस देताना एकच अट घातली : "नेकला हात लावायचा नाही. बाकी तुला हवं ते कर." परवानगी घेऊन मी कंट्रोल प्लेट उघडली. पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागावर, १३७ ने सुरू होणारा आकडा होता. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे ७३ म्हणजे साल आणि शेवटचे दोन अंक आठवडा. पॉट १९७३च्या बाराव्या आठवड्यातला, म्हणजे बेस त्यानंतर कधीतरी जुळवलेला. चार स्क्रू, बुडाला नट, अगदी माझ्या रीइश्यूसारखाच. मी रोज फट मोजायला लागलो. ऑगस्टचा ओला आठवडा, ऑक्टोबरची काहिली, डिसेंबर; फट ढिम्म हलली नाही. गेजच्या सगळ्यात पातळ पात्याएवढाही फरक नाही.

पहिल्यांदा मीही तेच म्हटलं जे सगळे म्हणतात : जुनं लाकूड मुरलेलं असतं. बँडमधल्यांना तसं सांगितलंही. मग एका रविवारी दोन्ही नेक शेजारी ठेवून बघितल्या. काकांच्या बेसचा फ्रेटबोर्ड मेपलचा आहे, आणि त्यावर पुढून-मागून पॉलिएस्टरचा जाड, काचेसारखा थर आहे. १९६८च्या सुमारास फेंडरने हा थर वापरायला सुरुवात केली आणि विंटेजचे चाहते त्याला प्लास्टिक म्हणून नावं ठेवतात. त्यातून दमट हवा आत जाणार कुठून? माझ्या रीइश्यूची नेक मागून लॅकरची, पण शिसवी बोर्ड उघडा. पावसाळ्यात पुढची बाजू हवा पिऊन फुगते, मागची नाही, म्हणून नेक मागे वाकते. हिवाळ्यात उलटं होतं. डिसेंबरात तसंच झालं, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर चढली आणि मला सहाव्यांदा नेक काढावी लागली.

पन्नास वर्षांच्या मुरण्याचा वाटा असेलही. पण ज्या थरामुळे विंटेजवाले १९७३चा बेस १९६२च्या खाली धरतात, त्याच थराने ठाण्याच्या पावसात काम केलं. रश बँडचा गेडी ली १९७२चा, दोनशे डॉलरला पॉन शॉपमधून घेतलेला जॅझ वर्षानुवर्षं वाजवत आला, लेड झेपलिनचा जॉन पॉल जोन्स १९६२चा वाजवायचा. सालांवरून वाद घालणाऱ्यांनी त्या-त्या सालात लाकडाला वरून काय लावलं होतं तेही बघावं. मोटाउनच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमर्सन १९६२च्या प्रिसिजनवरच्या तारा कधी बदलत नसे असं सांगतात. काकांच्या बेसवरही कित्येक वर्षांपूर्वीच्या फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारा आहेत, आणि त्यांचा गोल, जड ठोका मला नव्या तारांवर कधी मिळाला नाही. तक्रार एकच, ४.७ किलो वजन. दोन तासांच्या सरावानंतर डावा खांदा दोन दिवस बोलतो. लाखांच्या किमतीला हा बेस मी विकत घेतला असता का? नाही.

नायट्रोबद्दल एक सूचना, मला कोणी दिली नव्हती. स्टँडच्या रबराला नायट्रो लॅकर महिन्याभरात चिकटतं आणि डाग पाडतं. माझ्या बेसच्या पाठीवर दोन अर्धचंद्र उमटले आहेत. स्टँडला सुती कापड गुंडाळा.

नौपाड्याच्या त्याच कारागिरांनी नोव्हेंबरात रीइश्यूच्या बोर्डला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, दोन हातांमध्ये आठवडाभर वाळवून. पैसे घेतले नाहीत. उपयोग झाला की नाही ते येत्या जुलैतच कळेल, आणि तेव्हा मी आकड्यांसकट इथे भर घालेन. नटापर्यंत पोचायला पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली) छोटी खाच कोरता येते, त्यातून वाकडा स्क्रू ड्रायव्हर घालून नेक न काढता काम होतं. लाखाच्या बेसला छिन्नी लावायची हिंमत अजून झालेली नाही.

मागच्या रविवारी काकांचा बेस नेरूळला परत केला. त्यांनी केस उघडली, आधी नेकच्या खाचेवरून बोट फिरवलं, चारही स्क्रू नखाने चाचपले, मग म्हणाले, "नाही काढलीस. बरं केलंस." मी माझा रीइश्यू सोबत नेला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, आखडलेल्या बोटांनी ए तारेवर चार-पाच सूर वाजवले आणि बराच वेळ परत दिला नाही. जाताना मी त्यांना विचारलं, जुलैत पुन्हा आणू का. घेऊन ये म्हणाले, पण गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, सीटवर ठेव.

जून ते सप्टेंबर बाहेरच्या कार्यक्रमांना चाकवाला आधुनिक बेस जाईल. रीइश्यू सिलिका जेलच्या चार पुड्यांबरोबर केसमध्ये, एसीच्या खोलीत. आज सकाळी हॉलमध्ये ४८ टक्के होते, फट ०.३२.