ऑनलाइन घरपट्टी: चौथ्या वर्षीचा अनुभव आणि ते 10 रुपये 44 पैसे

माहेरच्या घराची घरपट्टी मी 2023 पासून ऑनलाइन भरते. आदल्या वर्षी बाबा गेले. आई त्या घरात एकटी राहते, मी तिथून एसटीने साडेचार तासांवर. पहिली दोन वर्षं मी या सोयीचं भेटेल त्याच्याकडे कौतुक केलं. मालमत्ता क्रमांक टाकायचा, बाबांच्या नंबरवर ओटीपी येतो (ते सिम मी त्यासाठीच चालू ठेवलंय), यूपीआयने पैसे द्यायचे, झालं. वर एक पैसा जादा जात नाही. कार्डाने भरलं तर शुल्क कापतात, तेव्हा कार्ड वापरू नका. याच कामासाठी बाबा मे महिन्याच्या उन्हात खिडकीपुढे अर्धा दिवस काढायचे.

तेव्हा मी पाचपैकी पाच दिले असते. आज साडेतीन देते. का, ते सांगते.

या एप्रिलमध्ये नवं बिल आलं. आईने फोटो पाठवला. मागील थकबाकी 174.00. शास्ती 10.44. वर बाबांचं नाव.

174 रुपयांचं मला एवढं वाटलं नाही. शास्ती हा शब्द मात्र लागला. शास्ती म्हणजे दंड, शिक्षा. बाबांची निळी फाइल आईच्या कपाटात आहे, त्यात 1989 पासूनच्या पावत्या वर्षवार लावलेल्या आहेत. मी सगळ्या काढून पाहिल्या. शास्तीच्या रकान्यात एकदाही आकडा नाही. आई म्हणाली, "अगं, भरून टाक ना, दोनशे रुपयांसाठी कुठे धावतेस?" मला ते पटेना. वेळेत भरलेल्या करावर, आणि तोही त्यांच्या नावापुढे, दंड का म्हणून?

बिलात काय काय असतं ते बहुतेकांना ठाऊक आहे: सामान्य कर, पाणीपट्टी लाभ कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष कर, आणि राज्य सरकारकडे जाणारा शिक्षण कर. पण सवलत कशावर मिळते हे मलाही यंदाच नीट कळलं. आमच्याकडे 31 मे पर्यंत वर्षाचा कर एकरकमी भरला की 5 टक्के सूट. मी ती पूर्ण बिलावर धरत होते. तशी नाही, ती फक्त सामान्य करावर आहे. आमचं बिल 6,912, त्यात सामान्य कर 3,480, म्हणजे सूट 174. हाच आकडा थकबाकीत बसला होता. सूट मिळालेलीच नव्हती, आणि तेवढीच रक्कम दुसऱ्या सहामाहीत कमी पडली. जानेवारी ते मार्च, दरमहा 2 टक्क्यांनी शास्ती 3.48. तिनाचे 10.44.

गेल्या वर्षी मी 31 मे 2025 ला रात्री 9 वाजून 52 मिनिटांनी 6,738 भरले होते. माझ्या खात्यातून पैसे त्याच मिनिटाला गेले, स्क्रीनवर 'यशस्वी' आलं, मी फोन ठेवला. पावती चार दिवसांनी डाउनलोड केली आणि तारखेकडे पाहिलंच नाही. त्यावर 2 जून आहे.

इथपर्यंत मी अ‍ॅपला दोष देत होते. एप्रिलअखेर प्रत्यक्ष कार्यालयात गेले तेव्हा मत बदललं. जाताना-येताना एसटीचं अर्धं तिकीट, तरी 184 रुपये 44 पैशांपेक्षा खर्च जास्तच झाला. कर विभागातल्या भाऊंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. "ताई, 31 ला शनिवार होता. पैसे आमच्या खात्यात सोमवारी पडले. सिस्टीम जमा तारीख धरते, तुम्ही भरल्याची धरत नाही." शांतपणे, नीट समजावून सांगितलं. त्या शनिवारच्या आणखी तक्रारी आल्या होत्या म्हणे. म्हणजे अ‍ॅपने आपलं काम बरोबर केलं होतं. चूक त्या जमा तारखेच्या रकान्यात आहे. खिडकीवर रोख भरलेत तर शिक्का त्याच दिवसाचा पडतो, मग ऑनलाइनवाल्याला दोन दिवसांचा तोटा का? हा नियम कुणीतरी बसून ठरवलेला आहे आणि तो बदलायला हवा, हे मी अर्जातही लिहिलं.

अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट जोडलं, यूटीआर क्रमांकाखाली (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) रेघ मारून. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. सूट तिथल्या तिथे मान्य झाली, पण शास्ती काढायचा अधिकार वरच्या साहेबांचा, त्यामुळे ते 10 रुपये 44 पैसे आणखी 19 दिवस तसेच राहिले. मी रोज सकाळी चहाबरोबर उघडून बघायचे.

एवढा हट्ट करायला कारणही होतं. घर आईच्या नावावर करायचं तर आधी थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, आणि थकबाकी दहा रुपयांची असो की दहा हजारांची, दाखला मिळत नाही.

शहरागणिक सवलती वेगळ्या असतात, त्यामुळे नातेवाइकांचं ऐकून आपलं बिल ताडू नका. पुण्यातल्या नणंदेला स्वतः राहत असल्याची 40 टक्के सवलत आहे, त्यासाठी 2023 मध्ये तिने पीटी-3 अर्ज भरला होता. मुंबईतल्या मामेभावाचं घर 500 चौरस फुटांच्या आतलं, त्यामुळे 1 जानेवारी 2022 पासून त्याला मालमत्ता कर माफ. शिवाय मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावावरून काढलेल्या किमतीवर आहे, आमच्याकडे अजून भाड्यावरून काढलेल्या करयोग्य मूल्यावर. दोन्हींची तुलना होत नाही.

यंदा मी 12 मे ला भरले, मंगळवारी, सकाळी अकराला. दोन दिवसांनी पावती उघडली आणि आधी तारीख पाहिली: 12 मे. सूट 174, लागली. शास्तीच्या रकान्यात तेव्हाही 10.44 होतेच, आठवड्याभराने 0.00 झाले. त्या पानाचा प्रिंट काढून आईला पोस्टाने पाठवला, तिने तो निळ्या फाइलमध्ये शेवटी लावलाय.

ज्यांना सवलत घ्यायची आहे त्यांनी 25 मे च्या आत, कामाच्या दिवशी भरा. शेवटचा शनिवार-रविवार टाळाच.

दाखला मिळाला, नावबदलाचा अर्जही आता दिलाय. तो मंजूर होईपर्यंत ओटीपी बाबांच्याच नंबरवर येणार, म्हणून कालच त्या सिमचं आणखी तीन महिन्यांचं रिचार्ज केलं.