डिमांड रिस्पॉन्सची सर्व्हिस घेतली: मशीन झकास, करारातलं शेअर्डचं कलम अर्धवट

नाशिकच्या दिंडोरी रोडला आमचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे एका अ‍ॅग्रीगेटर कंपनीची (म्हणजे अनेक ग्राहकांची वीजकपात एकत्र करणारी) डिमांड रिस्पॉन्सची सर्व्हिस घेतलीय, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव टाकत नाही कारण बोलणी अजून चालू आहेत, आणि दुसऱ्या एका कंपनीचा करार मागवून बघितला तर त्यातही शेअर्ड साधनांचं तेच कलम तसंच्या तसं, मग एकालाच कशाला बोल लावायचा. पाचपैकी तीन स्टार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ग्रिडवर ताण आला की मेसेज येतो, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत लोड कमी करा, केला तर पैसे. एमईआरसीने, म्हणजे राज्याच्या वीज नियामक आयोगाने, 2024 ला डिमांड फ्लेक्सिबिलिटीचं रेग्युलेशन आणल्यापासून आपल्याकडे याची चर्चा वाढलीय. कोल्ड स्टोरेजला हे जमण्यासारखं आहे, खोली आधीच गार करून ठेवली आणि दार उघडझाक केली नाही तर तासभर कॉम्प्रेसर बंद राहिला तरी मालाला काही होत नाही. प्रीकूलिंगचं मात्र तसं नाही, बागेतून आलेलं द्राक्ष ठरलेल्या तासांत गार झालंच पाहिजे, तिथे हात लावायचा नाही हे आम्ही पहिल्याच मीटिंगला सांगितलं आणि कंपनीने लगेच मान्य केलं. यासाठी पूर्ण मार्क.

फिटिंगचं कामही छान. पोरं वेळेवर आली, शटडाऊन मागून घेतलं, फीडरला (मशीनकडे जाणाऱ्या लाइनला) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, बसवल्या, कंट्रोलर लावला, वायरिंग बघून आमचे ऑपरेटर मामा सुद्धा खूश, आणि ते सहजासहजी कोणावर खूश होत नाहीत. मोबाइलवर 15 मिनिटांचा एकेक ब्लॉक दिसतो, दिवसाचे 96, कुठे किती किलोवॅट ओढले सगळं समोर. याच्यात नाव ठेवायला जागा नाही.

गडबड आहे ती कराराच्या कागदात. आमच्या निम्म्या खोल्या एका बेदाणावाल्याने भाड्याने घेतल्यात. कॉम्प्रेसर रूम एकच, 75 एचपीचे दोन अमोनिया कॉम्प्रेसर, कंडेन्सरचा पंप एक, डीजी (डिझेल जनरेटर) एक, एचटी (हाय टेन्शन) मीटर एक. आणि करारात यावर एवढीच ओळ की 'साइटवरील सर्व शेअर्ड साधने ग्राहकाची साधने समजली जातील'. ग्राहक कोण, साधन कोणतं, चालू-बंद कोणी करायचं, पैसे कोणाचे, काही नाही.

मग काय होणार, पहिल्याच मोठ्या इव्हेंटला, म्हणजे लोड कमी करायच्या वेळेला, आम्ही आमच्या खोल्यांचे सोलेनॉइड (खोलीकडे गारवा सोडणारे व्हॉल्व्ह) बंद केले, पण बेदाण्याच्या खोलीत त्याच वेळी गाडी खाली होत होती, दार सताड उघडं, तिकडच्या थर्मोस्टॅटने गारवा मागितला, सोलेनॉइड उघडला आणि कॉम्प्रेसर मस्त चालू राहिला. मामा फोनवर ओरडतायत, 'साहेब, मी बंद केलं हो, पण त्यो शेजारचा खेचतोय!' मीटरवर जेमतेम फरक पडला आणि स्टेटमेंटला आमचा परफॉर्मन्स शून्याच्या आसपास. बेदाणावाल्या शेठला विचारलं तर ते म्हणाले, 'भाऊ, मला कोणी सांगितलं का बंद कर म्हणून?' त्यांचंही खरंच होतं.

पुढचा किस्सा याहून भारी. त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेल्सवाल्याने शेठचीही सही घेतली, वेगळी साइट म्हणून, आणि त्यांच्या यादीतही तेच दोन कॉम्प्रेसर! एक मशीन, दोन करार. पुढच्या हिशोबात त्यांना पैसे मिळाले आणि आमच्याकडे 'डुप्लिकेट साधन' म्हणून कपात. अमेरिकेत फर्कच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय वीज नियामकाच्या, 2020 च्या 2222 नंबरच्या ऑर्डरमध्ये एकाच साधनाची एकच सेवा दोनदा मोजली जाऊ नये म्हणून बंधन घालायची सोय ठेवलीय, आणि इथे कंपनीला स्वतःच्याच दोन फाइली एकमेकांशी ताडून बघता येईनात.

बेसलाइनचाही, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून कपात मोजतात त्या नेहमीच्या वापराच्या आकड्याचाही, घोळ याच कलमातून येतो. इव्हेंट नसलेल्या मागच्या 10 कामाच्या दिवसांची सरासरी धरायची, ही कॅलिफोर्नियातली चालीची पद्धत, आमच्या करारातही तीच. पण ती लावलीय अख्ख्या एचटी मीटरला. म्हणजे शेठने माल उचलून खोल्या रिकाम्या केल्या की आम्ही काहीही न करता हिरो, आणि मार्च-एप्रिलला नवा बेदाणा आत आला की आम्ही कितीही बंद करा, बेसलाइनच्या वरच. फुकटचे पैसे एकदा मिळालेही, नाही म्हणत नाही, पण अशा पैशावर धंद्याचं गणित मांडता येत नाही.

इव्हेंट संपल्यावरचा झटका तर कोणी धरतच नाही. गरम झालेल्या खोल्या सगळ्या एकदम गारवा मागतात, दोन्ही कॉम्प्रेसर फुल लोडला, आणि केव्हीए डिमांडचा (एका वेळी ओढलेल्या कमाल लोडचा) काटा वर. बिल एक, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली लोडची मर्यादा) एक, ती ओलांडली तर पेनल्टी कोणी भरायची? बक्षीस दोघांत वाटायचं आणि दंड कनेक्शन ज्याच्या नावावर त्याने एकट्याने भरायचा, असला न्याय कागदावर नसला तरी प्रत्यक्षात तेच होतं.

आता आम्ही कंपनीकडून वेगळं परिशिष्ट करून घेतलंय. प्रत्येक मशीनची नेमप्लेट, किलोवॅट, कोणत्या फीडरवर, मालक कोण, बंद करायचा अधिकार कोणाचा, आणि ते मशीन दुसऱ्या कुठल्या करारात आहे का, असं एकेक लिहून तिघांच्या सह्या. मेसेज दोघांनाही एकाच वेळी यायचा. कॉम्प्रेसरचा वाटा कसा काढायचा यावर बरीच घासाघीस झाली, कारण खोलीच्या फॅनचं मीटर कॉम्प्रेसरचा लोड सांगत नाही. शेवटी कोणाचा सोलेनॉइड किती वेळ उघडा होता आणि त्या खोलीच्या गारवा देणाऱ्या कॉइलची क्षमता किती, याचा गुणाकार धरून वाटा काढायचं ठरलं. अगदी बिनचूक नाही, पण दोघांनाही तपासता येतं. इव्हेंटनंतर आधी आमच्या खोल्या, अर्ध्या तासाने शेठच्या. शेठ आधी कुरकुरले, मग बेदाण्याला तेवढ्याने काही होत नाही हे त्यांनीच कबूल केलं.

कंपनीच्या इंजिनिअरला हे सगळं पटतं, मॅनेजर फोन उचलतो, लीगलवाले मात्र प्रत्येक ओळीला 'आमचा स्टँडर्ड ड्राफ्ट' म्हणतात. गाळे भाड्याने दिलेत, डीजी कॉमन आहे किंवा एका मीटरवर दोन धंदे आहेत अशांनी, सातपूर-अंबडला असे पुष्कळ आहेत, परिशिष्ट हातात आल्याशिवाय सही करू नका. मीटर ज्याचं त्याचं स्वतंत्र असेल तर बिनधास्त घ्या, सर्व्हिस चांगली आहे.

डीजीचं अजून लटकलंय. आमचं चेंजओव्हर, म्हणजे ग्रिडवरून जनरेटरवर जायचा स्विच, अख्ख्या बसबारचं (सगळ्या लोडच्या मुख्य पट्टीचं) आहे, म्हणजे मी डीजी लावला की शेठचा लोडही ग्रिडवरून उतरतो, मग ती कपात कोणाची आणि डिझेल कोणाचं. कंपनी म्हणते डीजीवर टाकलेला लोड आम्ही कपात धरणारच नाही, मग तसं लिहून द्या म्हटलं तर मेलला उत्तर नाही. ते आलं की इथेच अपडेट टाकतो, तोपर्यंत तीनच स्टार.