ट्रिपने बरं वाटतं की औषधाने? सायलोसायबिन आणि केटामाइन यांतून निवडताना

दोन-तीन गोळ्या बदलूनही घरातल्या कुणाचं डिप्रेशन हटत नसेल, तर हल्ली कुणी ना कुणी सायकेडेलिक, म्हणजे मनाची अवस्था बदलून टाकणाऱ्या द्रव्यांच्या, उपचारांचं नाव काढतं. परदेशातला भाऊ सायलोसायबिनबद्दल, म्हणजे काही मशरूममध्ये सापडणाऱ्या भ्रम घडवणाऱ्या द्रव्याबद्दल सांगतो; इथले डॉक्टर केटामाइन, हे मुळात भूल द्यायचं औषध, सुचवतात. दोन्ही नावं एका दमात घेतली जातात, पण निवडताना मधे एक मोठा प्रश्न उभा असतो. औषध चढलेलं असताना माणसाला जे दिसतं, जे जाणवतं, त्यानेच तो बरा होतो का? की ती ट्रिप म्हणजे औषधाबरोबर येणारा नुसता गोंधळ, टाळता आला तर बराच?

माझं मत आधीच सांगते. याचं उत्तर आजारागणिक वेगळं आहे, आणि निवडही आजार बघूनच करावी.

सायलोसायबिनच्या उपचारात अनुभव मध्यभागी असतो. आधी तयारीच्या बैठका होतात. मग साधारण २५ मिलिग्रॅमचा डोस, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, जवळ प्रशिक्षित माणसं, आणि असे सहा ते आठ तास. त्यानंतर पुन्हा बैठका, कारण जे वर आलं त्याचा अर्थ लावायचा असतो. कुणाला ‘मी-तूपण’ गळून पडल्यासारखं वाटतं, कुणी हमसून हमसून रडतं, कुणी भीतीने थरथरतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक रोलंड ग्रिफिथ्स हा अनुभव उपचाराला आवश्यकच आहे असं मानत. २०२३ साली ते गेले. औषधांवर संशोधन करणारा हा माणूस अशा प्रश्नांकडे वळला तो ध्यानामुळे, आणि तेही सिद्धयोगातून. त्या परंपरेचं मूळ पीठ आपल्या गणेशपुरीला.

त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कॅन्सरच्या रुग्णांचा आहे. २०१६ साली त्यांच्या गटाने ५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभव जितका खोल, तितकी भीती आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. मृत्यूच्या भीतीने रात्र रात्र जागणारा माणूस ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या माणसाला मृत्यूकडे बघायची नजरच बदलून हवी असते. ती काहीही न अनुभवता कशी बदलणार?

पण इथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. डोस मोठा असला की अनुभवही खोल येतो. मग गुण अनुभवाचा की डोसाचा? शिवाय आपल्याला खरं औषध मिळालं की खोटं, हे अशा चाचणीत रुग्णाला तासाभरात कळतं, आणि बरं होण्याची आशा तिथेच कामाला लागते.

कॅलिफोर्नियातले संशोधक डेव्हिड ओल्सन नेमके इथे अडून बसतात. त्यांच्या मते खरं काम चेतापेशींच्या नव्या जोडण्यांचं आहे, ट्रिप अपरिहार्य असेलच असं नाही. २०२० साली त्यांच्या गटाने टॅबर्नान्थॅलॉग हे आयबोगेन या भ्रम घडवणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यासारखं, पण भ्रम न घडवण्याच्या बेताने बनवलेलं रसायन उंदरांवर वापरून दाखवलं. त्यांच्या बाजूने मी आणखी एक उदाहरण देईन. आपल्याकडे शॉक ट्रीटमेंट भूल देऊनच करतात. रुग्णाला त्यातलं काहीही अनुभवाला येत नाही, तरी तीव्र नैराश्यात तिचा गुण येतो.

मला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगाने. डिप्रेशन असलेल्या ४० जणांची दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया होणार होती. भुलेखाली असताना काहींना केटामाइन दिलं, काहींना साधं सलाइन. म्हणजे ट्रिप कुणालाच कळणं शक्य नव्हतं. २०२३ साली निकाल आला: दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले! ज्यांना जास्त बरं वाटलं, त्यांना आपल्याला केटामाइनच मिळालं असं वाटत होतं. हा निकाल दोन्ही पक्ष आपापल्या बाजूला ओढतात. एक म्हणतो, बघा, अनुभव काढून घेतला आणि औषधाचा वेगळा गुण उरला नाही. दुसरा म्हणतो, गुण मुळात आशेचाच होता. मला यातून एवढंच दिसतं की डॉक्टर कसे बोलतात, किती वेळ देतात, हे औषधाइतकंच तपासून घ्यायला हवं.

केटामाइनचा व्यवहार त्यामानाने सुटसुटीत. वजनाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, साधारण ४० मिनिटांचं सलाइन. त्या वेळात शरीर आपलं नसल्यासारखं वाटतं, रक्तदाब वाढतो, म्हणून देखरेख लागते. गुण काही तासांत दिसू शकतो, पण बहुधा काही दिवसांत ओसरतो आणि डोस पुन्हा घ्यावे लागतात. सवय लागण्याचा धोका आहे, आणि दीर्घकाळ अती वापर झाला तर मूत्राशय बिघडतं. सायलोसायबिनचा गुण एका डोसावर काही आठवडे टिकू शकतो. मात्र २०२१ साली लंडनला ५९ रुग्णांवर त्याची एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा सहा आठवड्यांनी मुख्य मोजपट्टीवर ठळक फरक निघाला नव्हता. चमत्काराच्या अपेक्षेने जाणाऱ्याने हे ऐकून जावं.

म्हणून माझी विभागणी अशी. असाध्य आजारातली भीती किंवा आयुष्याचा अर्थच हरवल्याची वेदना असेल, आणि कायदेशीर सोय असेल, तर अनुभवासह असलेला उपचार. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञ सायलोसायबिन देऊ शकतात, पण ते नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी. अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, असं डिप्रेशन असेल तर केटामाइन किंवा शॉक. तिथे अनुभवाच्या अर्थापेक्षा माणूस लवकर उभा राहणं मोलाचं. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) अथवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) असेल, तर सायलोसायबिनचा विचार बाजूला ठेवा. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू असेल तर फिट येण्याची भीती असते, डॉक्टरांपासून ते लपवू नका.

भारतात सायलोसायबिन एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली बेकायदा आहे. कोडाईकनालचे मशरूम किंवा गोव्यात कुणी हातावर ठेवलेला एलएसडीचा कागद म्हणजे उपचार नव्हे. त्यात डोस माहीत नसतो, शेजारी कुणी जाणकार नसतो, आणि एलएसडीचं ०.१ ग्रॅमसुद्धा ‘व्यावसायिक प्रमाण’ धरलं जातं, ज्याला किमान १० वर्षांची शिक्षा आहे.

केटामाइन घ्यायचं ठरलं तर डॉक्टरांना एवढं विचारा: सलाइन चालू असताना शेजारी कोण बसेल, घाबरलो तर काय कराल, किती डोसांनंतर थांबायचं ठरवाल? आणि मनात जीव संपवायचे विचार असतील, तर ही तुलना वाचत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो, आत्ताच लावा.