हाडाचे पैसे घेतले आणि हाड बसवलंच नाही, नाशिककरांनो वाचा

नाशिकमध्ये कोणी वरच्या दाढांचे इम्प्लांट (म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेली कृत्रिम दाढ) करायचा विचार करत असेल तर आधी हे वाचा, आमच्या अण्णांचे दीड लाखाच्या वर गेले आणि दाढा अजून नाहीत ते नाहीतच.

वरच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं आणि वरची सायनसची पोकळी खाली उतरते. अण्णांचं हाड 3 मिलिमीटर उरलेलं, इम्प्लांटला साधारण 8-10 तरी लागतं, म्हणजे आधी हाड भरायचं, सहाएक महिने थांबायचं आणि मग स्क्रू. पण गंगापूर रोडच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये म्हणाले, "काका, एकाच सिटिंगमध्ये करून देतो, तुमचंच हाड वापरतो." बिलात ऑटोजेनस ब्लॉक ग्राफ्टची, म्हणजे पेशंटच्याच हाडाचा तुकडा काढून बसवण्याची, वेगळी रक्कम लावली.

थोड्याच महिन्यांत स्क्रू हलायला लागले. विचारायला गेलो तर म्हणे शुगर वाढली असेल. अण्णांना शुगर नाहीच!!

शेवटी पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात दाखवलं. तिथल्या मॅडमनी बिल वाचलं आणि पहिलाच प्रश्न, "हाड काढलं कुठून?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. कारण स्वतःचं हाड म्हणजे ते हनुवटीतून, खालच्या अक्कलदाढेच्या मागून नाहीतर कमरेतून काढतात, तिथे कापावं लागतं, टाके पडतात. अण्णांना टाके होते फक्त वरच्या हिरडीला. नवा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा 3डी स्कॅन काढला, ऑपरेशनआधीचा जुना शेजारी लावला, हनुवटीत, जबड्यात कुठे खड्डा नाही आणि वर हाड होतं तेवढंच. बरं स्वतःच्या हाडाऐवजी नुसती पावडर टाकली असती, ती गायीच्या हाडाची असते ती, तरी ती कितीतरी वर्षं स्कॅनमध्ये पांढरी दिसते, ती पण नाही. साठी उलटलेल्या माणसाला असं फसवताना यांना काहीच कसं वाटत नाही?

ऑपरेशनआधी विचारा, हाड कुठून घेणार, माझं का पावडर, आणि ते कागदावर लिहून घ्या. पावडर, मेम्ब्रेन (भरलेल्या हाडावर झाकायचा पातळ पडदा), इम्प्लांट यांच्या पाकिटात लॉट नंबरचे स्टिकर येतात, ते स्वतःच्या फाइलला लावून घ्या. आम्हाला एकही मिळाला नाही, फाइल मागितली तर "शिफ्टिंगमध्ये हरवली".

जिल्हा ग्राहक आयोगात आणि राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे तक्रार टाकली आहे. ग्राहक आयोगाला 2 वर्षांची मुदत असते, त्यामुळे तुमच्या घरात कोणाचं असं झालं असेल तर बिलं आणि दोन्ही स्कॅनच्या सीडी आजच शोधून ठेवा, रोख दिले असतील तर पावती मागायला लगेच जा.