वेबॅक मशीन: कुठलीही साइट आधी काय होती ते दाखवणारं फुकटचं टूल (दोन वर्षं वापरून लिहितोय)

आत्याने एक लिंक पाठवली होती, गुडघेदुखीच्या गोळ्या विकणारी साइट. वर मोठ्या अक्षरात "१५ वर्षांचा विश्वास", खाली पांढऱ्या कोटातले हसरे डॉक्टर, आणि आत्याचा मेसेज, "अरे जरा बघ ना खरंय का, ऑर्डर करायला घेतलीये". साइट नीट केलेली होती, मलाही वरवर काही खोट दिसेना. मग तो अ‍ॅड्रेस वेबॅक मशीनमध्ये टाकला आणि जुनं पान उघडलं तर तिथे गाड्यांची सीट कव्हरं! एकेक वर्ष मागे जात राहिलो, सगळीकडे सीट कव्हरंच, मग मध्ये काही महिने नुसतं "हे डोमेन विक्रीला आहे" एवढंच पान, आणि गोळ्या आल्या त्या फक्त सात महिन्यांपूर्वी. १५ वर्षं जुनं होतं ते डोमेनचं नाव, म्हणजे साइटचा अ‍ॅड्रेस, कोणीतरी ते विकत घेऊन त्यावर दुकान थाटलं होतं. तिन्ही पानांचे स्क्रीनशॉट आत्याला पाठवले, तिने ऑर्डर केली नाही.

ज्यांनी हे वापरलं नाहीये त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली, तेव्हापासून ते वेबसाइटची पानं साठवतायत आणि २००१ पासून ती त्यांच्या वेबॅक मशीनवर सगळ्यांना बघायला खुली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये साठवलेल्या पानांचा आकडा एक लाख कोटीच्या वर गेला. बघायला पैसे नाहीत, अकाउंटही लागत नाही. अ‍ॅड्रेस टाकला की कॅलेंडर येतं, निळा ठिपका असलेल्या तारखेला पान नीट साठवलंय, हिरवा म्हणजे ते पान दुसरीकडे नेत होतं, केशरी म्हणजे बहुतेक तेव्हा तिथे पानच सापडलं नाही.

मला सगळ्यात कामाचं वाटलं ते "चेंजेस". दोन तारखा निवडायच्या, ते दोन्ही पानं शेजारी ठेवतं, काढलेला मजकूर पिवळा आणि नवा घातलेला निळा. एका बातमीवरून ग्रुपमध्ये भांडण चाललं होतं, एक जण म्हणतोय बातमीत "अटक" लिहिलंय, दुसरा म्हणतोय "चौकशी", आणि दोघंही स्क्रीनशॉट टाकतायत. लावून बघितलं तर दोघंही खरे! सकाळी "अटक" होतं, संध्याकाळी गुपचूप "चौकशी" केलं, खाली दुरुस्तीची टीप वगैरे काही नाही. चूक कुणाचीही होते हो, पण जी साइट "आधी असं छापलं होतं, ते चुकीचं होतं" असं उघड लिहिते तिच्यावर माझा विश्वास उलट वाढतो, आणि जी गुपचूप पुसते तिची पुढची बातमी मी दुसरीकडे तपासल्याशिवाय कुणाला पाठवत नाही.

एक बारकी गोष्ट सांभाळा. साठवलेल्या पानाच्या लिंकमध्ये चौदा आकडे असतात, वर्ष महिना दिवस तास मिनिट सेकंद, पण ती वेळ यूटीसी असते, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या घड्याळाशी जुळवून घेतली नाही तर "घटना घडायच्या आधीच बातमी आली" असला शोध लागतो, आणि लोक तो खरोखर शेअरही करतात.

आता कमी काय ते. सोशल मीडियाच्या पोस्ट आणि व्हिडिओ बऱ्याचदा नीट साठवले जात नाहीत. पानावरचा मजकूर एका तारखेचा आणि फोटो दुसऱ्याच तारखेचा असंही होतं, त्यामुळे फोटोवरून काही ठरवायचं असेल तर "अबाउट धिस कॅप्चर" उघडून प्रत्येक तुकड्याची वेळ बघाच. साइटच्या मालकाने विनंती केली तर पानं काढलीही जाऊ शकतात, म्हणून तिथे सापडलं नाही याचा अर्थ नव्हतंच असा घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला, ३ कोटी १० लाख अकाउंटचा डेटा गेला आणि सेवा काही दिवस बंद होती.

आणि हे मी कळकळीने सांगतोय, आर्काइव्हची लिंक म्हणजे खरेपणाचा शिक्का नाही! कोणीही कुठलंही पान तिथे साठवू शकतो, अगदी धादांत खोटं पानसुद्धा. त्या दिवशी त्या पानावर काय लिहिलं होतं एवढंच त्यातून कळतं, लिहिलेलं खरं होतं का हे आपल्यालाच शोधावं लागतं.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा व्हिडिओसाठी कापला. संशयास्पद पान दिसलं की वाद घालायच्या आधी वेबॅक मशीनच्या "सेव्ह पेज नाऊ" मध्ये त्याची लिंक टाकून ठेवा, कारण आपण कमेंट टाकली की अशी पानं बदलायला फार वेळ लागत नाही.